कडधान्यांच्या मुळांतील तांबडी गाठ

कडधान्यांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी येतात, त्या रोगाच्या नसून हवेतील नत्र पिकास मिळवून देणाऱ्या आहेत, हे हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात प्रयोगांती सिद्ध केले, आणि १८८८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतील जीवाणू वेगळा करून दाखविला. परंतु वनस्पती आणि जीवाणू या दोन परक्या जीवांचा संसार एका गाठीत जमतो कसा, याचा उलगडा होण्यास जनुकशास्त्राच्या उदयापर्यंत थांबावे लागले.

प्रत्येक पेशीजवळ जनुकांचे संपूर्ण दफ्तर असते. मात्र त्यातील कोणता हुकूम केव्हा अंमलात यावा, म्हणजे कोणत्या जनुकापासून प्रथिन घडावे, हे स्थलकालानुसार ठरते, आणि यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. नत्राची उणीव भासली की मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत सोडते. ती ओळखून जीवाणूची नॉड जनुके जागृत होतात व एक शर्करामेदयुक्त संदेशद्रव्य तयार करतात. आणि त्या द्रव्याचा स्पर्श होताच मुळाचे केस वाकू लागतात, आतल्या पेशी विभागू लागतात, व वनस्पतीच्या निन नामक जनुकाच्या अधिपत्याखाली गाठ आकार घेते.

खरा पेच पुढेच आहे, आणि मला तो सजीव सृष्टीतील अत्यंत विलक्षण पेचांपैकी एक वाटतो. नत्राच्या रेणूतील तिहेरी बंध तोडणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते; उलट एका रेणूमागे एटीपी या ऊर्जाद्रव्याचे किमान सोळा रेणू खर्ची पडत असल्याने, ती ऊर्जा निर्माण करणाऱ्या श्वसनासाठी त्याच प्राणवायूवाचून गत्यंतर नसते. यावर वनस्पती आपल्या गाठीतील पेशींत लेगहिमोग्लोबिनची जनुके विपुल प्रमाणात कार्यान्वित करते, आणि आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे हे तांबडे प्रथिन मोकळा प्राणवायू अत्यल्प ठेवूनही जीवाणूंना त्याचा पुरवठा अखंड चालू ठेवते. लसूणघासाच्या गाठीत राहणाऱ्या जीवाणूत फिक्स-एल हे प्रथिन प्राणवायूची हीच कमतरता हेरते, फिक्स-जे या सहकाऱ्यास वर्दी देते, आणि मगच नायट्रोजिनेज घडविणारी निफ जनुके कामास लागतात. अवेळी एवढा खर्च करण्याची मुभा जीवाणूस नाही.

वनस्पतीही हिशेबी आहे. जमिनीत नायट्रेट मुबलक असले की गाठी धरण्याचे तिचे हुकूम मंदावतात, कारण जीवाणूंना पोसण्यास तिला स्वतःची साखर खर्चावी लागते. म्हणूनच कडधान्यास युरियाचा भरमसाट मारा करणे म्हणजे फुकटच्या नत्राला स्वतः होऊन नकार देणे होय.

हरभरा फुलोऱ्यात आला की शेतकरी बंधूंनी एखादे रोप मातीसकट हळूच उपटून त्याची गाठ चिरून पाहावी: आत तांबूस रंग असेल तर काम सुरळीत चालू आहे, गाठी नसतील किंवा असूनही आतून पांढुरक्या वा हिरवट असतील, तर पुढील हंगामात पेरणीपूर्वी बियाण्यास त्या पिकासाठीच्या रायझोबियम जीवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया अवश्य करावी.