कोरी वही आणि भरलेली टाकी

आमच्या सावर्ड्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने इंधनाचे टँकर जात असतात. पंपावर पेट्रोल मिळाले की आपले काम भागते. ते ज्या टाकीतून निघाले ती कोण भरतो, भरताना तिच्यावर लक्ष कुणाचे असते, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईजवळच्या जवाहर द्वीपावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली. वीज कुणाच्या हातात नसते. पण इंधनसाठ्यांच्या मोठ्या आगींची मुळे पुष्कळदा आभाळात नसतात, रोजच्या कामकाजात असतात.

इंग्लंडमधल्या बन्सफील्डचे उदाहरण घ्या. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. एका टाकीत पेट्रोल चढत होते. पातळी दाखवणारा काटा मध्येच अडकला, टाकी भरून वाहू लागली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती धुक्यासारखी जमिनीलगत पसरली आणि सहाच्या सुमाराला तिचा स्फोट झाला. सुट्टीची पहाट म्हणून कुणी दगावले नाही, पण ४३ जण जखमी झाले. चौकशीत दिसले की तो काटा आधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. शेवटचा आधार असलेला आपोआप पुरवठा तोडणारा स्विचही निकामी होता, कारण त्याचा दांडा जागेवर धरून ठेवणारे छोटे कुलूप लावलेलेच नव्हते. ते कुलूप कशासाठी असते, हे तिथल्या माणसांना ठाऊक नव्हते!

आपल्याकडे २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा भागातील इंडियन ऑइलच्या डेपोत असेच घडले. पेट्रोल दुसऱ्या डेपोकडे पाठवण्याची तयारी चालू असताना गळती सुरू झाली. ती तासाभराहून अधिक चालली, मग स्फोट झाला. अकरा माणसे गेली. आग अकरा दिवस धुमसत होती. एम. बी. लाल समितीच्या अहवालात एक गोष्ट नोंदली आहे: कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय २००३ पासून वापरात नव्हती. सहा वर्षे! तेवढ्या काळात किती साहेब येऊन पाहणी करून गेले असतील?

माझी नोकरी बँकेत गेली. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. एकट्याने ती उघडत नाही. किल्ल्यांइतकीच महत्त्वाची होती ती रोकडीतल्या तफावतीची वही. रुपयाचा फरक पडला तरी नोंद व्हायची. वर्षभर ही वही कोरी असलेल्या शाखेचे कौतुक होई. पण मुरलेला तपासनीस तिथेच खुर्ची ओढून बसे. माणसे नोटा मोजतात आणि कधीच चुकत नाहीत, हे कसे शक्य आहे?

कारखान्यांच्या फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. शिडीवरून कुणी घसरला तर त्यावरचा आकडा शून्यावर येतो. काटा चौदा वेळा अडकला तर त्याला धक्काही लागत नाही. हेल्मेट आणि बूट हवेतच, पण त्यांनी टाकी वाहायची थांबत नाही.

बन्सफील्डनंतर तिथल्या कंपन्या आणि सरकारी यंत्रणा एकत्र बसल्या. २००९ च्या त्यांच्या अहवालाने या सुरक्षिततेची जबाबदारी थेट संचालक मंडळाच्या टेबलावर ठेवली: वरच्यांना धोका समजला पाहिजे, आणि बारीकसारीक बिघाडांची खबर नियमाने त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आपल्याकडेही तेल उद्योगासाठी १९८६ पासून सुरक्षा संचालनालय आहे, मानके आहेत. उणीव नियमांची कमी, वाईट बातमी ऐकून घेणाऱ्या कानांची अधिक. बिघाड सांगणाऱ्यावर साहेब एकदा खेकसले की पुढची खबर वर जातच नाही.

चिपळूणच्या पलीकडे लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या कुशीत गावे नांदतात. डेपो असो वा कारखाना, शेजाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे. ‘अपघात किती झाले?’ एवढ्यावर थांबू नये. गेल्या वर्षी काय काय बिघडले, ते वरपर्यंत पोहोचायला किती दिवस लागले आणि दुरुस्त कधी झाले, हे विचारावे. ‘आमच्याकडे काहीच बिघडत नाही’ असे उत्तर आले, तर निर्धास्त होऊन घरी परतू नये.