कॅन्सर गाठींपर्यंत पोचलाय का? स्कॅनच्या 7 गोष्टी

वाशीकडचा पेशंट बार्शीला जावो की मुंबईला, कॅन्सरचे निदान झाले की डॉक्टर आधी शोधतात ते हेच. हा शोध चालतो तरी कसा?

1. गाठी सगळ्यांनाच असतात. शरीरात शेकडो लसिका ग्रंथी असतात, त्यातल्या जवळपास 300 एकट्या मानेत. पायातला काटा पिकला की जांघेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी, जंतूंशी झुंजताना सुजलेली. मूळ जागा सोडलेल्या कॅन्सरपेशीही अनेकदा आधी इथेच अडकतात.

2. आकारावरून संशय. सोनोग्राफीत निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते, मधोमध चरबीचा उजळ पट्टा असतो. कॅन्सर शिरला की ती बहुधा गोल होते, पट्टा पुसला जातो. सीटी स्कॅनमध्ये साधारण 10 मिलिमीटरपेक्षा जाड ग्रंथी दिसली की डॉक्टर सावध होतात.

3. साखरेचा माग. पेट स्कॅनआधी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरपेशी ती जास्त ओढतात आणि चित्रात उजळतात. हा फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून औषध वेळेत पोचवायची धावपळ असते.

4. टीबीचा चकवा. क्षयाची गाठही तशीच उजळते! उलट, 2 मिलिमीटरहून छोटा कॅन्सर स्कॅनमधून निसटतो. म्हणून शंका आली की सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पक्का निकाल तिथेच लागतो.

5. टाटाचे उत्तर. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ लागत नाही, तरी ग्रंथी काढाव्यात का? मुंबईच्या टाटा मेमोरियलने 2015 मध्ये दाखवले: पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर 3 वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात, गाठ दिसेपर्यंत थांबले तर 67.5 टक्के.

6. 2018 चा बदल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पायरी (स्टेज) ठरवताना आधी ग्रंथी धरतच नसत. 2018 पासून स्कॅनमध्ये ग्रंथी बाधित दिसल्या तरी पायरी थेट 3-सी होते.

7. आपला जिल्हा, जगाला धडा. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. निकाल 2009 चा: एकदाच एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) शोधणारी चाचणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्या गटात 64. म्हणजे मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर!

स्कॅन कॅन्सर कुठवर गेला ते सांगतो. आपल्या गावांतल्या बायकांनी तो पसरण्याआधी गाठता येतो हे सिद्ध केले. तेव्हा ताई, माई, काकू, तिशी ओलांडली असेल तर आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या तपासणीचे विचारा. आणि मानेतली, काखेतली न दुखणारी गाठ 3 आठवड्यांत गेली नाही तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.