दहा पायऱ्यांची शाळा

मी विशेष शिक्षिका आहे असं सांगितलं, की समोरची बाई हमखास म्हणते, 'अगंबाई, केवढं पुण्याचं काम करता तुम्ही!' आणि लगेच दुसरा प्रश्न, 'पण कंटाळा नाही का हो येत?' पुण्याचं मला माहीत नाही, पण कंटाळा मात्र अठरा वर्षांत आलेला नाही. केवळ दया वाटते म्हणून या कामात आलेल्या मुली वर्षभरात दमलेल्या मी पाहिल्या आहेत. टिकतात त्या, ज्यांना शिकवण्याची गोडी असते.

आमची शाळा तालुक्याच्या गावी, बौद्धिक अक्षम मुलांची. पूर्वी या मुलांना सर्रास मतिमंद म्हणत. इथे अभ्यास म्हणजे नुसती बाराखडी नव्हे. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून उरलेले पैसे मोजून घेणं, हा आमचा अभ्यास. आपण जे काम विचार न करता उरकतो, त्याचे आम्ही लहान लहान तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा शिकवतो.

हे काम किती मोलाचं आहे, हे मला एका मुलीमुळे नीट कळलं. तिला आपण राणी म्हणू. तेराव्या वर्षी तिला पाळी सुरू झाली. ती पॅड काढून कुठेही टाकायची, डाग पडलेल्या कपड्यांनीच अंगणात जायची. दर महिन्याला पाच दिवस शाळा बंद. एक दिवस तिची आई आली. दार लोटून घेत हळूच म्हणाली, ''बाई, हिची पिशवीच काढून टाकावी म्हणते. रोज मजुरीला जायचं, की हिच्यामागं फिरायचं? आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर निदान पोट तरी राहायचं नाही.''

तिला दोष कसा देणार? ती थकली होती आणि घाबरलीही होती. मी म्हटलं, ''वहिनी, पिशवी काढून पाळी थांबेल. पण वाईट नजरेचा माणूस थांबणार आहे का? उलट त्यानं काही केलेलं आपल्याला कळायचंही नाही. मला सहा महिने द्या.''

मैत्रिणींनो, हा प्रश्न एका राणीचा नाही. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा महिला संघटनांनी मोठा आवाज उठवला होता. त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे त्या वेळी दिलेलं एक कारण. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. पण कायदा काही दर महिन्याला पॅड बदलायला येत नाही. ते शिकवावंच लागतं.

आम्ही त्याच्या दहा पायऱ्या केल्या. बाथरूममध्ये जाणं, कडी लावणं, चड्डी खाली करणं, वापरलेलं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नवं पॅड उघडणं, ते चिकटवणं, चड्डी वर घेणं आणि हात धुणं. गंमत म्हणजे, शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली. आधीच्या नऊ आम्ही करून द्यायच्या, हात तिनं धुवायचे. म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद रोज तिच्याच वाट्याला! ते जमलं की नववी, मग आठवी. पाळी नसतानाही पॅडवर लाल शाई टाकून सराव. शाळेत जमलेलं घरी जमेलच असं नसतं, म्हणून मी घरी गेले. शाळेत जशी निळी पिशवी खिळ्याला लावली होती, तशीच तिथेही लावली. आईला कॅलेंडरवर लाल टिकल्या लावायला सांगितलं. अंगाला कुणी हात लावला तर मोठ्यानं 'नको' म्हणायचं आणि आईला सांगायचं, हेही याच धड्यात घेतलं.

सहाचे आठ महिने झाले. एक दिवस राणी बाथरूममधून आली, ओले हात माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, ''बाई, झालं.'' दहाच्या दहा पायऱ्या तिनं एकटीनं केल्या होत्या. शस्त्रक्रियेचा विषय तिच्या आईनं पुन्हा काढला नाही. पुढं नव्यानं आलेल्या एका घाबरलेल्या आईला तीच समजावू लागली.

सगळ्याच मुलींना दहा पायऱ्या येतात असं नाही. कुणी दोनवरच थांबते, उरलेल्या आठ आईला कराव्या लागतात. पण त्या दोनांनीही आईचं ओझं हलकं होतं. आणि विनाअनुदानित शाळांत पगार तुटपुंजा असतो, हेही सांगायला हवं.

तुमच्या लेकीला किंवा तुम्हालाच या कामात यायचं असेल, तर बारावीनंतर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका करता येते. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय हे काम करता येत नाही. म्हणून फी भरण्याआधी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे ना, हे पाहून घ्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. अशी मुलं आता नेहमीच्या शाळांतही शिकतात. त्यामुळे शिक्षिका तर हव्याच. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार जाणणारी माणसंही हवी आहेत.

हे शिक्षण घेणं प्रत्येकीला जमणार नाही. पण तुमच्या आळीत एखादी अशी मुलगी बंद दाराआड असेल, तर तिच्या आईकडे एकदा जाऊन बसा. हिलाही शिकता येतं, एवढं तिला सांगा. पुष्कळदा हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.