८२ मिनिटांत १८ पेले

फेब्रुवारी २०१७. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठातल्या ‘बीटा थीटा पाय’ या विद्यार्थी-मंडळात नव्या मुलांचं स्वागत चाललं होतं. स्वागत कसलं, शर्यतच ती: एका टप्प्यावर व्होडका, पुढच्यावर बिअर, मग वाइन. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार, १९ वर्षांच्या एका मुलाला ८२ मिनिटांत १८ पेले दिले गेले. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. मदत मागवली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमारे १२ तासांनी. तो वाचला नाही.

निरोगी यकृत तासाला जेमतेम एका लहान पेगचा निचरा करतं. दारू पिण्याच्या अशा खेळात मात्र किती प्यायचं ते शरीर नव्हे, नियम ठरवतो. त्यातही बहुतेक खेळांत हरणाऱ्याने प्यायचं असतं. म्हणजे जो आधीच डुलतोय तोच पुन्हा हरणार, पुन्हा पिणार! असा नियम काढणाऱ्याची कमाल म्हणायची.

‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हा सल्ला तर सर्वांत घातक. शेवटचा पेला संपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. श्वास मंदावतो, ठसक्याची प्रतिक्रिया बधिर होते आणि उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. कॉफी किंवा गार पाण्याने यकृताचा वेग वाढत नाही. अशाला कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

पुढे २०१८ मध्ये, हे विद्यापीठ ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाने रॅगिंगविरोधी कायदा कडक केला. वेळेवर मदत मागणाऱ्याला त्यात खटल्यापासून संरक्षण दिलं आहे.