आजचा शब्द : वेग, म्हणजे मोघम

आजचा शब्द ऐकायला अगदी मराठी वाटतो : 'वेग'. स्पेलिंग व्ही-ए-जी-यू-ई. शेवटच्या यू आणि ई यांचा उच्चार होत नाही. 'प्लेग' आणि 'लीग' यांचं शेपूटही असंच आहे, तेव्हा 'वेग्यू' म्हणायचं नाही. आपल्या वेगाशी, म्हणजे गतीशी, त्याचं काही नातं नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भटकणारा. व्हॅगाबाँड, म्हणजे भटक्या, हा त्याच घरातला. जो अर्थ एका जागी ठरत नाही, तो वेग.

शब्दकोशात याचे अर्थ अस्पष्ट, धूसर, संदिग्ध असे सापडतात. आठवणीला धूसर किंवा पुसट चालेल. बोलण्याला मात्र 'मोघम' इतका चपखल शब्द नाही. 'संदिग्ध' मी टाळतो. एका वाक्याचे दोन अर्थ निघतात तेव्हा ते संदिग्ध. त्याला इंग्रजीत अँबिग्युअस हा वेगळा शब्द आहे. 'मी राजूला पळताना पाहिलं' हे वाक्य घ्या. पळत कोण होतं, राजू की मी? दोन्ही अर्थ स्वच्छ आहेत, फक्त कोणता घ्यायचा ते कळत नाही. आता हे ऐका : 'तुमचं काम लवकरच होईल.' इथे अर्थ एकच, पण त्याला काठ नाही. लवकर म्हणजे उद्या, की दिवाळीनंतर? हे वेग.

हा काठ नसणं किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ खाली इंटरनेटवरून 'ग्रॉसली ऑफेन्सिव्ह', म्हणजे अतिशय आक्षेपार्ह, मजकूर पाठवणं हा गुन्हा होता. खोटी माहिती मुद्दाम पाठवून कुणाला 'अनॉयन्स' किंवा 'इनकन्व्हीनियन्स', म्हणजे उपद्रव किंवा गैरसोय, करणं हाही गुन्हा. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद. पण आक्षेपार्ह कुणाच्या लेखी? गैरसोय किती झाली म्हणजे गुन्हा? कलम सांगत नव्हतं. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीने त्याला 'लाइक' दिलं. दोघींना अटक झाली, आणि लावलेल्या कलमांत 66-अ होतं. पुढे श्रेया सिंघल खटल्यात, 24 मार्च 2015 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला हे कारण होतंच, पण कलमाची भाषा वेग आहे यावरही निकालात बराच भर आहे. न्यायालयाने इंग्लंडमधले खटलेही दाखवले : अशाच शब्दांचा अर्थ लावताना तिथल्या खालच्या आणि वरच्या न्यायालयांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले होते. न्यायाधीशांचं जिथे एकमत होत नाही, तिथे सामान्य माणसाने आपण गुन्हा करतोय की नाही हे कसं ओळखायचं?

अर्थात मोघमपणा नेहमीच वाईट नसतो. 'लग्नाला पन्नासेक माणसं येतील' यातला 'एक' किती कामाचा आहे बघा! आचाऱ्याला तेवढं पुरतं. कॅटररच्या बिलात मात्र 'पन्नासेक ताटं' चालणार नाहीत.

आता वापर. 'वेग आयडिया' म्हणजे पुसटशी कल्पना, 'वेग प्रॉमिस' म्हणजे मोघम आश्वासन. माणसालाही हा शब्द लागतो, पण तेव्हा पुढे 'अबाउट' येतं : 'ही वॉज वेग अबाउट द डेट', तारखेबद्दल तो मोघम बोलला. याचा अर्थ तो माणूस गोंधळलेला होता असा नाही. कदाचित त्याला तारीख सांगायचीच नसेल. चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तेव्हा 'वेगली फमिलियर'. आणि 'आय हॅवन्ट द वेगेस्ट आयडिया' म्हणजे मला सुतराम कल्पना नाही.

इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्यांना कचेऱ्यांशी पत्रव्यवहार अनेकदा इंग्रजीतून करावा लागतो. तक्रारीला उत्तर येतं, 'नेसेसरी अ‍ॅक्शन विल बी टेकन सून.' कोणती कारवाई, कोण करणार, कधी, काहीच नाही. अशा उत्तराला चिडून लांबलचक पत्र लिहू नका. दोन ओळी पुरतात : 'युअर रिप्लाय इज वेग अबाउट द डेट. प्लीज गिव्ह अ स्पेसिफिक डेट.' स्पेसिफिक, म्हणजे नेमका, हा वेगचा विरुद्धार्थी शब्द.