नवं मीटर बसलं, पण स्क्रू आवळला का? ढिल्या वायरीने लागू शकते आग

अहिल्यानगर : जुनी मीटर काढून स्मार्ट टीओडी मीटर बसवायचं काम महावितरणने राज्यभर हाती घेतलं आहे. गावात चर्चा होते ती बिल वाढणार का याची. पण झाकणाखाली वायरी नीट आवळल्या का, हे फार कोणी विचारत नाही. खरा धोका तिथेच असतो.

ढिली वायर का तापते?
वायर पूर्ण टेकली नाही तर सगळी वीज थोड्याशा जागेतून जाते आणि तो जोड तापतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एका बल्बवर काहीच कळत नाही. पण २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, त्यात पाण्याची मोटार चालू झाली की जोड करपायला लागतो.

पोलवरून येणारी वायर बहुतेक ॲल्युमिनियमची असते. ही तार मऊ असते. दाबाने चपटी होते, तापली की फुगते, गार झाली की आकसते. त्यामुळे अर्धवट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत आणखी ढिला पडतो.

एमसीबी पडत नाही का?
नाही. एमसीबी जादा प्रवाहावर पडतो. ढिल्या जोडात प्रवाह वाढत नाही, फक्त जोड तापतो. थ्री फेज कनेक्शनचा न्यूट्रल सुटला तर काही फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब जाऊन टीव्ही, फ्रिज जळू शकतात.

या खुणा ओळखा
- शेजारी लाइट नीट, आपल्याच घरात लुकलुक
- मीटरजवळ करपल्याचा वास किंवा चरचर आवाज
- झाकण पिवळं-काळं पडणं, वितळणं

मीटर बसवताना
- प्रत्येक वायरीचे सगळे स्क्रू आवळून, वायर ओढून बघायला कर्मचाऱ्याला सांगा.
- तारेचे धागे बाहेर राहिले नाहीत, स्क्रूखाली प्लास्टिक अडकलं नाही, हे त्यांच्याकडूनच बघून घ्या.
- झाकण आणि सील लागल्यावर मोठा लोड १५ मिनिटं चालवून वास, लुकलुक बघा.
- जुन्या मीटरचं रीडिंग आणि नव्याचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा.

हे करू नका
सील तोडून स्वतः स्क्रू आवळू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरमध्ये वीज असतेच. शंका आली तर मोठा लोड बंद करा, मेन स्विचपर्यंत सुरक्षित जाता येत असेल तर तोही पाडा आणि महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन करा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आग दिसली तर पाणी मारू नका, लांब राहून कोरडी वाळू टाका. मीटरखाली कडबा, पोती, डिझेलचा कॅन ठेवू नका.

विहिरीवरच्या स्टार्टरलाही हेच लागू आहे. एका फेजची वायर ढिली पडून सुटली की बाकी दोन फेजवर भार येतो आणि मोटार जळते. त्यामुळे हंगामाआधी लाइट बंद करून वायरमनकडून स्टार्टरचे स्क्रू आवळून घेतलेले बरे. मोटार भरण्याच्या खर्चापुढे ते काम स्वस्तच पडतं.