रेकॉर्डर बॉक्सची हार्ड डिस्क बदलण्यापूर्वी...

लोणावळा : आषाढ लागला की लोणावळा, खंडाळा आणि पवन मावळात माणसे घरात अडकतात आणि दूरचित्रवाणी संचाचे महत्त्व एकदम वाढते. नेमक्या याच दिवसांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, चित्र गेले. दुसरी, रेकॉर्डर बॉक्स भरला, आता नवे काही साठत नाही. दुसऱ्या तक्रारीवर ‘आतली हार्ड डिस्क बदलून मोठी बसवा’ हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो कधी लागू पडतो, कधी घातक ठरतो आणि कधी मुळात गरजेचाच नसतो, हे समजून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

बॉक्समध्ये डिस्क आली कशी?

हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठविणारी यंत्रे अमेरिकेत १९९९ मध्ये ‘टिव्हो’ व ‘रिप्ले टीव्ही’ या नावांनी बाजारात आली. ब्रिटनमध्ये ‘स्काय प्लस’ २००१ मध्ये आले. भारतात ‘डिश टीव्ही’ने २००३ मध्ये, दूरदर्शनच्या मोफत ‘डीडी डायरेक्ट प्लस’ने २००४ मध्ये आणि ‘टाटा स्काय’ने २००६ मध्ये थेट घरोघरी सेवा सुरू केली. ‘टाटा स्काय’चा रेकॉर्डर बॉक्स, अर्थात ‘टाटा स्काय प्लस’, २००८ मध्ये आला. हीच कंपनी २०२२ पासून ‘टाटा प्ले’ या नावाने ओळखली जाते.

अशा बॉक्सच्या पोटात संगणकात असते तशीच हार्ड डिस्क असते. उपग्रहाकडून आलेला कार्यक्रम आधीच अंकीय स्वरूपात असल्याने बॉक्स तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवून घेतो. म्हणूनच मुद्रित कार्यक्रमाचा दर्जा मूळ प्रक्षेपणापेक्षा उतरत नाही. थेट कार्यक्रम मध्येच थांबविण्याची सोयही याच डिस्कवर अवलंबून असते. त्यामुळे बॉक्स चालू असेपर्यंत डिस्क जवळजवळ अखंड फिरत असते.

जागेचा हिशेब

किती जागा लागेल याचे गणित सोपे आहे. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर तासाला १.८ जीबी जागा लागते. एचडी वाहिनीसाठी ८ मेगाबिट धरल्यास हाच आकडा ३.६ जीबी होतो. या हिशेबाने १६० जीबीच्या डिस्कवर साध्या वाहिनीचे सुमारे ८८ तास, तर एचडीचे सुमारे ४४ तास मावतात. ५०० जीबीमध्ये एचडीचे सुमारे १३८ तास आणि एक टीबीमध्ये सुमारे २७७ तास बसतात. प्रत्यक्षात बॉक्स काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतो, त्यामुळे हाती येणारे तास याहून कमी असतात.

दुकानदाराने दिलेली ५०० जीबीची डिस्क संगणकावर ४६५ जीबी दाखवते, म्हणून फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही. उत्पादक १००० च्या पटीत मोजतो व संगणक १०२४ च्या पटीत; फरक एवढाच.

प्रत्येक बॉक्स डिस्क स्वीकारत नाही

रेकॉर्डर बॉक्सचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात बॉक्सची प्रणाली आतल्या स्वतंत्र चिपवर असते. कोरी डिस्क जोडताच बॉक्स ती स्वतःच आखून घेतो. ब्रिटनमधील ‘स्काय प्लस’चे अनेक बॉक्स ग्राहकांनी याच कारणामुळे स्वतः वाढवून घेतले. दुसऱ्या प्रकारात प्रणाली डिस्कवरच असते. ‘टिव्हो’ हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे कोरी डिस्क लावली तर बॉक्स सुरूच होत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवावी लागते. तिसऱ्या प्रकारात बॉक्स आणि डिस्क यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते व परकी डिस्क नाकारली जाते.

क्षमतेलाही मर्यादा असते. जुन्या आयडीई पद्धतीच्या अनेक यंत्रांना सुमारे १३७ जीबीच्या पलीकडची जागा दिसत नाही. काही नव्या यंत्रांची नजर सुमारे २.२ टीबीपर्यंतच पोहोचते. त्यापुढची जागा विकत घेऊनही वाया जाते.

बॉक्स कोणाचा?

स्क्रू काढण्यापूर्वी पावती काढून पाहावी. बॉक्स भाडेतत्त्वावर असेल तर तो कंपनीच्या मालकीचा आहे; तो उघडणे हा कराराचा भंग ठरतो. विकत घेतलेला असला तरी हमीचा कालावधी शिल्लक असताना झाकणावरील मोहोर तुटल्यास हमी संपुष्टात येते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मुद्रित कार्यक्रमांचा. सशुल्क सेवेच्या बॉक्समधील मुद्रण सांकेतिक स्वरूपात असते आणि ते त्या बॉक्सशी व त्यातील कार्डाशी बांधलेले असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तर कार्यक्रम दिसत नाही. बॉक्स बिघडून नवा आला तर जुन्या डिस्कवरील मुद्रण नव्या बॉक्सवर चालत नाही. मालिका पुन्हा पाहता येतात. पण घरातील मुलीने एखाद्या वाहिनीवर गायलेले गाणे, आता हयात नसलेल्या आजोबांची मुलाखत किंवा गावच्या दिंडीचे प्रक्षेपण एकदा पुसले गेले की परत मिळण्याची खात्री नसते. असे काही बॉक्समध्ये असेल, तर डिस्कला हात लावण्याआधी ते बाहेर काढणे हे पहिले काम होय. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या जोडणीतून डीव्हीडी रेकॉर्डर किंवा संगणकाच्या कॅप्चर उपकरणावर कार्यक्रम उतरविता येतो. त्याला कार्यक्रमाइतकाच वेळ लागतो आणि चित्राचा दर्जा काहीसा उतरतो. तरीही आठवण टिकते.

पावसाचा दोष डिस्कवर नको

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छत्रीवर येणाऱ्या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर असल्याने जोरदार सरीतील थेंब त्या शोषतात व विखुरतात. अशा वेळी मुद्रणात पडलेली खिंडारे डिस्क बदलून भरून येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे छत्रीची दिशा नेमकी साधणे, जोडणीत पाणी शिरू न देणे आणि गरज पडल्यास मोठी छत्री. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची छत्री सव्वादोन पट लहरी गोळा करते.

दोष कोणाचा, हे ओळखण्याची खूण अशी : मुसळधार पावसात झालेलेच मुद्रण तुटक असेल तर दोष संकेताचा. निरभ्र दिवशी झालेले मुद्रणही अडखळत असेल, बॉक्स वारंवार गोठत असेल आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजत आहे असे समजावे.

मावळातील हवाही डिस्कची वैरीण आहे. पुण्या-मुंबईकरांचे बंगले आठवडेच्या आठवडे बंद राहतात, भिंतींना बुरशी धरते आणि तोच दमटपणा बॉक्समध्ये शिरतो. असा बॉक्स आल्या आल्या सुरू न करता घर उघडून काही तास हवा खेळू द्यावी. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील जलाशयांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होत आली आहे. पण वादळी पावसात तारा तुटल्या की याच परिसरातील घरे अंधारात जातात. चालू मुद्रणात वीज गेली तर डिस्कवरील नोंदी विस्कटू शकतात. म्हणून लहानसा यूपीएस मोठ्या डिस्कपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. बॉक्सवर विणलेला रुमाल घालण्याची हौस मात्र आवरावी. त्याने हवेची भोके बुजतात आणि उष्णता आतच कोंडते.

बदलायचीच असेल तर

बॉक्स स्वतःच्या मालकीचा आहे, हमी संपली आहे आणि त्या नमुन्याचा बॉक्स नवी डिस्क स्वीकारतो याची खात्री आहे, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच पुढे जावे. डिस्क घेताना संगणकाची वेगवान डिस्क टाळावी. ती अधिक तापते. पुण्यातील तपकीर गल्लीत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्हीसाठी मिळणारी डिस्क या कामाला योग्य. अखंड लेखनासाठीच ती बनविलेली असते.

बॉक्सची वीज केवळ रिमोटने बंद न करता प्लग काढून ठेवावा. वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील मोठ्या धारित्रात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. त्या भागाला हात लावू नये. उघड्या पट्टीची भीती वाटत असेल तर काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. काढलेली जुनी डिस्क पुसू नये. नवी चालली नाही तर तीच परत बसविता येते.

सोपा मार्ग

ज्या बॉक्सला यूएसबी मुद्रणाची सोय आहे, त्यांना झाकण उघडण्याची गरजच नाही. बाहेरची डिस्क जोडताना एवढेच ध्यानात ठेवावे, की अनेक बॉक्स ती प्रथम पूर्ण पुसतात. घरातील छायाचित्रे असलेली डिस्क चुकूनही जोडू नये. साध्या यूएसबी जोडणीतून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. फिरत्या डिस्कला सुरू होताना याहून जास्त लागू शकते, म्हणून स्वतंत्र अडॅप्टर असलेली डिस्क निवडावी. मोफत वाहिन्यांच्या अनेक साध्या बॉक्सवर मुद्रण खुल्या स्वरूपात होते व संगणकावरही पाहता येते. मात्र डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेली असेल तर एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही. साध्या वाहिनीचा कार्यक्रम त्यामुळे साधारण सव्वादोन तासांनी तुटून पुढच्या फाईलमध्ये जातो. तीन अंकी नाटक दोन तुकड्यांत दिसले, तर ते त्यामुळेच.

डिस्क मोठी झाली की साठवण वाढते, तसेच एका दिवसात गमावण्यासारखेही वाढते. त्यामुळे जे जपायचे आहे त्याची दुसरी प्रत बॉक्सबाहेर काढून ठेवावी आणि उरलेले पाहून झाल्यावर पुसून टाकावे. बहुतेक घरांची जागेची अडचण एवढ्यानेच मिटते.